विचारा की! : ताऱ्यांच्या गर्दीतल्या जोड्या

मागच्या अंकात तारकागुच्छांवर लेख होता. लाखो तारे एकाच गोळ्यात कसे दाटीवाटीने राहतात, आणि त्या दाटीत न्यूट्रॉन तारे, श्वेत बटू, कृष्णविवरं या मेलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांच्या एकदम घट्ट जोड्या कशा सापडतात, असा साधारण विषय. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. 'एलियन आहेत का' हा प्रश्न नेहमीप्रमाणे बाजूला ठेवलाय, त्याचं उत्तर अजून तेच आहे.

सातारा, बारावीतला वाचक : गोलाकार तारकागुच्छांत न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या बाहेरच्यापेक्षा खूप जास्त असतात असं लेखात आहे. तिथे त्या जास्त जन्माला येतात का? की तिथे मोजायला सोपं जातं म्हणून?

मोजायला तर उलट अवघड जातं रे, गर्दीत एकेक तारा वेगळा काढणं हीच मोठी डोकेदुखी असते. आणि जन्माचंही कारण नाही. या जोड्या तिथे नंतर जुळतात, आणि नुसत्या जुळत नाहीत तर तुटतात, परत दुसऱ्याशी जुळतात, सगळा खेळ दाटीचा आहे. आपला सूर्य घे, त्याचा सगळ्यात जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर. पण एखाद्या दाट गुच्छाच्या गाभ्यातून सव्वातीन प्रकाशवर्षं बाजूचा चौकोनी ठोकळा कापून काढला तर त्यात लाखभर तारे निघू शकतात. आणि हे गुच्छ म्हातारे आहेत, बरेचसे १२०० कोटी वर्षांच्या आसपासचे, म्हणजे एकमेकांच्या वाटेत यायला वेळच वेळ.

ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यात भरली ती एक्स-रे मुळे. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू नावाचा उपग्रह सुटला, त्याने आकाशातले एक्स-रे सोर्स शोधून काढले (न्यूट्रॉन तारा जोडीदाराचा वायू ओढतो तेव्हा तो वायू तापून एक्स-रे सोडतो), आणि १९७५ मध्ये जॉर्ज क्लार्क यांनी दाखवलं की यातले काही नेमके गोलाकार गुच्छांत बसलेत. आता गंमत बघ, आकाशगंगेतल्या एकूण ताऱ्यांपैकी हजारात एक तारासुद्धा या गुच्छांत नाही, पण न्यूट्रॉन तारा आणि हलका जोडीदार अशा प्रखर एक्स-रे जोड्यांपैकी साधारण दहा टक्के तिथे. हा योगायोग असूच शकत नाही.

होतं काय, तर दोघी फुगडी घालतायत आणि तिसरी धाडकन मध्ये घुसली की हात सुटतात, जी अंगाने हलकी ती बाहेर भिरकावली जाते आणि उरलेल्या दोघी एकमेकींना धरून फिरत राहतात. ताऱ्यांचंही तेच. न्यूट्रॉन तारा सूर्याच्या दीडपट वगैरे जड, तर म्हाताऱ्या गुच्छातले बाकीचे तारे सूर्यापेक्षा हलके, त्यामुळे तो एखाद्या जोडीत घुसला की हलका जोडीदार बाहेर आणि न्यूट्रॉन तारा आत. याशिवाय तो एखाद्या ताऱ्याच्या अगदी जवळून जाताना अडकू शकतो, किंवा फुगलेल्या लाल राक्षसी ताऱ्यात सरळ घुसू शकतो, मग त्या ताऱ्याचं वरचं आवरण उडून जातं आणि गाभा तेवढा सोबत उरतो.

हा शेवटचा प्रकार ऐकायला फेकल्यासारखा वाटतो ना? मग एनजीसी ६६२४ बघ. धनु राशीतला गुच्छ, त्यात ४यू १८२०-३० नावाची जोडी. १९८७ मध्ये एक्सोसॅट या युरोपियन उपग्रहाच्या डेटातून तिचा फेरा कळला, ६८५ सेकंद. साडेअकरा मिनिटांपेक्षाही थोडं कमी! दोघांमधलं अंतर काढलं तर जेमतेम सव्वा-दीड लाख किलोमीटर येतं, म्हणजे पृथ्वी ते चंद्र अंतराच्या साधारण एक तृतीयांश, आणि त्यात एक अख्खा न्यूट्रॉन तारा आणि एक हेलियमचा श्वेत बटू गरगर फिरतायत. एवढ्या जागेत सूर्यासारखा तारा मावतच नाही, म्हणजे तिथे आज जे उरलंय ते कोणत्या तरी मोठ्या ताऱ्याचा सोललेला गाभाच असणार.

अजून एक, परीक्षेत कोणी विचारणार नाही पण मला आवडतं म्हणून सांगतो. १९७५ मध्येच डग्लस हेगी यांनी गणिताने दाखवलं की अशा धक्काबुक्कीत घट्ट जोडी आणखी घट्ट होत जाते आणि सैल जोडी तुटते. घट्ट होताना जोडी जी ऊर्जा सोडते ती धडकून गेलेल्या ताऱ्याला मिळते, तो जोरात सुटतो आणि गाभा फुगलेला राहतो. म्हणजे अख्ख्या गुच्छाचा गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळत जाऊ नये हे काम या मूठभर जोड्या करतात. लाखो तारे एकीकडे आणि या जोड्या एकीकडे.

कोल्हापूर, एक शिक्षिका : श्रीनिवास कुलकर्णी मूळचे आपल्या कुरुंदवाडचे हे खरं का? मुलांना सांगायचंय, पण त्यांनी नेमकं काय केलं ते सोप्या शब्दात द्या.

खरं आहे बाई. जन्म १९५६ चा, कुरुंदवाडचा. वाढले हुबळीत, मग आयआयटी दिल्ली, मग अमेरिकेत बर्कलीला पीएचडी, आणि पुढे कॅलटेक. सुधा मूर्तींचे भाऊ. (मुलांना हे आधी सांगू नका, नाहीतर तेवढंच लक्षात राहील.)

१९८२ मध्ये ते अजून रिसर्च स्टुडंट होते. डॉन बॅकर यांच्यासोबत अरेसिबोच्या दुर्बिणीतून एका विचित्र रेडिओ सोर्सकडे बघताना त्यांना एक पल्सर, म्हणजे फिरता फिरता नियमित रेडिओ ठोके पाठवणारा न्यूट्रॉन तारा, सापडला, जो सेकंदाला ६४२ वेळा फिरत होता. त्याआधी सगळ्यात वेगवान माहीत होता तो क्रॅब तेजोमेघातला, सेकंदाला तीस. म्हणजे एकदम वीसपट उडी. जेमतेम पंचवीस किलोमीटर रुंदीचा, सूर्यापेक्षा जड गोळा सेकंदाला साडेसहाशे वेळा फिरतोय म्हटल्यावर लोकांना आधी पटेना.

एवढा वेग आला कुठून? उत्तर देणाऱ्यांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे राधाकृष्णन आणि श्रीनिवासन होते, अमेरिकेतल्या एका गटानेही त्याच वर्षी तेच सांगितलं. म्हातारा, मंदावलेला न्यूट्रॉन तारा जोडीदाराकडून वायू ओढून घेतो, तो वायू गोल फिरत येऊन पडतो आणि ताऱ्याची गिरकी वाढवत नेतो. आता वरच्या उत्तराशी जोडून बघा. जोड्या कुठे जास्त? गोलाकार गुच्छांत. मग असे पल्सरही तिथे जास्त मिळायला हवेत. आणि मिळाले. १९८७ मध्ये एम २८ या गुच्छात पहिला सापडला, आणि आज टर्झान ५ नावाच्या एकाच गुच्छात जवळपास पन्नास आहेत, त्यातला एक सेकंदाला ७१६ फेऱ्या मारतो, ज्याने कुलकर्णींच्या पल्सरचा रेकॉर्ड २००६ मध्ये मोडला.

कुलकर्णींनी पुढे बरंच काय काय केलं, तपकिरी बटू, गॅमा किरणांचे स्फोट, पालोमारचा आकाश स्कॅन करणारा झेडटीएफ कॅमेरा, २०२४ चा शॉ पुरस्कार. पण मला त्यांचं १९९३ चं एक काम जास्त भारी वाटतं, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पीट हट आणि स्टीव्ह मॅकमिलन यांच्याबरोबर त्यांनी विचारलं की गुच्छांत सुरुवातीला मोठे तारे मरून शेकडो कृष्णविवरं तयार झाली असणार, मग ती गेली कुठे? त्यांचं उत्तर असं की कृष्णविवरं सगळ्यात जड म्हणून गाभ्यात बुडतात, तिथे आपापसात जोड्या जमवतात आणि एकमेकांना धक्के देऊन गुच्छाबाहेर फेकतात. शेवटी राहिलं तर एखाददुसरं.

पुढे २०१२ मध्ये एम २२ मध्ये दोन कृष्णविवरांच्या खुणा मिळाल्या, २०१८ मध्ये एनजीसी ३२०१ मध्ये एक तारा कशाभोवती तरी फिरताना दिसला आणि ते 'कशाभोवती तरी' सूर्याच्या चारपटीहून जड निघालं. म्हणजे सगळी काही बाहेर जात नाहीत, हाकलण्याचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सावकाश चालतं. पण बाहेर फेकल्या गेलेल्या जोड्यांचं पुढे काय होतं, तो धागा महत्त्वाचा ठरला. हिंगोलीच्या पत्रात तोच येतोय.

नारायणगाव, एक द्राक्ष बागायतदार : आमच्या बांधावरून खोडदच्या डिश रोज दिसतात. तिकडे मोबाईल बंद ठेवा एवढंच कळतं. त्या डिशनी तुमच्या त्या गुच्छांत काही शोधलंय का?

शोधलंय ना, आणि जे शोधलंय ते जगभर गाजलं. जीएमआरटी, म्हणजे तुमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, एकूण ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर रुंद, त्यातल्या १४ खोडदजवळ एका ठिकाणी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर लांब पसरलेल्या. मोबाईलचं म्हणाल तर ती मंडळी उगाच मागे लागत नाहीत, हजारो प्रकाशवर्षांवरून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तुमच्या खिशातला फोन त्याच्यापुढे बोंब मारल्यासारखा असतो.

कपोत नावाच्या तारकासमूहात एनजीसी १८५१ हा गुच्छ आहे, सुमारे ४० हजार प्रकाशवर्षांवर. २००४ मध्ये पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर चंद्र यांनी जीएमआरटीने त्यात एक पल्सर शोधल्याचं जाहीर केलं, सेकंदाला २०० फेऱ्या मारणारा. जीएमआरटीने शोधलेला हा पहिलाच पल्सर.

जोडी कशी ओळखतात तेवढं नीट सांगतो, कारण खरी मेहनत तिथे आहे. पल्सरचे ठोके एकदम नियमित येतात. पण तो कुणाभोवती फिरत असेल तर आपल्याकडे येताना ठोके किंचित दाटून येतात आणि लांब जाताना विरळ होतात. म्हणजे कॉम्प्युटरला नुसता ठराविक ताल शोधून चालत नाही, सतत बदलणारा ताल शोधावा लागतो, आणि तो कसा बदलतोय ते आधी माहीत नसतं. मग शक्य असलेले सगळे बदल एकामागून एक लावून बघायचे. एकदा सापडला की महिनोन् महिने ठोके मोजत बसायचं, त्या दाटण्या-विरळण्यावरून कक्षा काढायची.

इथे कक्षा निघाली १८.८ दिवसांची, आणि प्रचंड लांबट. दोघे सगळ्यात लांब असतात ते अंतर सगळ्यात जवळच्या अंतराच्या जवळजवळ १७ पट. आता जोडीदाराकडून वायू ओढून गिरकी वाढवलेल्या पल्सरची कक्षा गोल गरगरीत व्हायला पाहिजे, कारण ओढाताण होताना ती गोल होत जाते. इथे तसं नाही. म्हणजे ज्या जोडीदाराने याला गिरकी दिली तो आता तिथे नाहीच, मध्येच कोणीतरी घुसून त्याला हाकललं आणि आजचा जोडीदार दुसरा आहे. साताऱ्याच्या मुलाला वर सांगितलेली अदलाबदल ती हीच, फक्त इथे तिचा वळच उठलेला दिसतो.

याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातल्या मीरकॅट दुर्बिणीने पुढे आणखी पल्सर शोधले. त्यातल्या ई नावाच्या पल्सरवर जानेवारी २०२४ मध्ये बॉनच्या माक्स प्लांक संस्थेच्या इवान बार आणि अरुणिमा दत्ता यांच्या टीमने पेपर काढला. सात दिवसांची लांबट कक्षा, आणि ती कक्षाच हळूहळू वळतेय, बुधाची वळते तशी पण कैक पटींनी जोरात. ती किती वळतेय त्यावरून दोघांचं मिळून वजन कळतं, सूर्याच्या ३.९ पटीच्या आसपास. त्यातला पल्सर वजा केला की जोडीदार उरतो २.०९ ते २.७१ च्या मध्ये. हेच अडचणीचं आहे, कारण न्यूट्रॉन ताऱ्याला हे वजन फार होतं आणि माहितीतली कृष्णविवरं बहुतेक पाच सूर्यांच्या वरची. मग हा कोण? एक शक्यता अशी की दोन न्यूट्रॉन तारे आदळून एक झाले, ते हलकं कृष्णविवर बनलं, आणि मग त्याने इथे घुसून आधीच्याला हाकललं. माझा कल याच बाजूला आहे, कारण एवढ्या दाटीत असं दोनदा-तीनदा घडणं मुळीच अशक्य नाही.

बघायला जायचं असेल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, शाळांच्या गाड्याच्या गाड्या येतात. द्राक्षाचा सीझन असतो तुमचा, पण एक दिवस काढा.

नाशिक, निवृत्त बँक कर्मचारी : दोन गॅलेक्सी आदळल्या तर त्यातले तारे फुटतात का? आणि तारकागुच्छांचं काय होतं?

तारे फुटत नाहीत काकू, ताऱ्यांमध्ये इतकी मोकळी जागा असते की दोन गॅलेक्सी एकमेकींतून आरपार जातात आणि ताऱ्याला तारा घासतही नाही. आदळतो तो वायू. तो दाबला जातो आणि नवे तारे धडाधड जन्माला येतात, तेही गुच्छागुच्छाने. काक समूहात अँटेना नावाची आदळलेली जोडी आहे, हबलने १९९० च्या दशकात तिचे फोटो काढले तेव्हा त्यात नुकते जन्मलेले भारी वजनाचे गुच्छ मोठ्या संख्येने दिसले. तोवर अनेकांचा समज होता की असे मोठे गुच्छ फक्त विश्वाच्या सुरुवातीलाच झाले.

आपल्या आकाशगंगेची आणि शेजारच्या देवयानी गॅलेक्सीची टक्कर ठरलेलीच असं जे सगळीकडे छापून येतं ते जरा थंड घ्या. २०२५ मध्ये नव्या मोजमापांवरून गणित केलं गेलं तर पुढच्या १००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आली. एफडीची मुदत बघून ठरवा.

मोठी गॅलेक्सी छोट्या गॅलेक्सी गिळते, आणि मागे काय काय उरतं ते बघण्यासारखं असतं. ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशातला सगळ्यात मोठा गोलाकार गुच्छ, सुमारे एक कोटी तारे, पण बऱ्याच संशोधकांच्या मते तो मुळात गुच्छ नाहीच, आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या गॅलेक्सीचा उरलेला गाभा आहे. २०२४ मध्ये हबलचे वीस वर्षांचे फोटो तपासून सात तारे सापडले, जे त्याच्या मधोमध इतके सुसाट पळतायत की तिथे किमान ८२०० सूर्यांच्या वजनाचं काहीतरी नसतं तर ते कधीच पळून गेले असते.

आणि काही गुच्छ पूर्ण विरघळतात, आकाशगंगेच्या ओढीने त्यांची तार तार होते. गाया या ताऱ्यांची मोजमापं करणाऱ्या युरोपियन उपग्रहाने २०२४ मध्ये गरुड तारकासमूहात एक कृष्णविवर शोधलं, बीएच ३, सूर्याच्या ३३ पट, आपल्यापासून फक्त दोन हजार प्रकाशवर्षांवर, एक साधा तारा साधारण साडेअकरा वर्षांत त्याला फेरी मारतोय. ही जोडी ज्या ताऱ्यांसोबत वाहत चाललीय ते सगळे एकाच जुन्या, मोडलेल्या गुच्छातले आहेत. गुच्छ गेला, जोडी मागे राहिली.

हिंगोली, एक पालक : आमच्या औंढ्याला लायगो होतंय, २६०० कोटींचा प्रोजेक्ट. कृष्णविवरं आदळली काय न आदळली काय, आपल्याला काय? आणि त्याचा तारकागुच्छांशी काय संबंध?

'आपल्याला काय' हा प्रश्न रास्त आहे, पैसे आपलेच आहेत. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, कृष्णविवरांसारखं काही जड आदळलं की अवकाशात उठणारे तरंग, पकडणारं यंत्र. त्याचं सरळ उत्तर देतो, कृष्णविवरं आदळल्याने तुमच्या सोयाबीनला भाव मिळणार नाही. पण अणूपेक्षाही खूप लहान हालचाल चार किलोमीटरच्या नळीत मोजायची म्हणजे लेसर, आरसे, व्हॅक्यूम, कंपन अडवणं या सगळ्यातलं काम इथल्या इंजिनिअरांच्या हातून होणार, आणि ते कौशल्य इथे राहणार. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. डेटातून असे सिग्नल कसे उपसायचे यावर तर पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी फार आधीपासून काम करतायत, तेव्हा लायगोला पहिला सिग्नल मिळायलाही कैक वर्षं होती.

आता गुच्छांचा संबंध. १४ सप्टेंबर २०१५ ला जो पहिला सिग्नल मिळाला तो ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाच्या दोन कृष्णविवरांचा होता, १३० कोटी प्रकाशवर्षांवरचा. ही दोघं एकत्र आली कशी? एक मार्ग, दोन मोठे तारे जन्मापासूनच जोडीने होते आणि जोडीनेच मेले. दुसरा मार्ग म्हणजे कुलकर्णी वगैरेंनी सांगितलेली गाभ्यातली धक्काबुक्की, जिथे कृष्णविवरं जोड्या जमवतात आणि बाहेर फेकली जातात. २००० साली पोर्तेगीस झ्वार्ट आणि मॅकमिलन यांनी सांगून ठेवलं होतं की अशा फेकलेल्या जोड्या पुढे बाहेर एकट्याच फिरत फिरत आदळतील आणि लायगोला ऐकू येतील. पंधरा वर्षं आधी!

कोणती जोडी कुठल्या मार्गाने आली हे ओळखायची एक खूण म्हणजे गिरकी. जन्मापासून सोबत असलेल्यांची गिरकी बहुतेक एकाच दिशेला असते, गर्दीत जुळलेल्यांची कशीही असू शकते. दुसरी खूण वजन. २१ मे २०१९ ला जो सिग्नल आला त्यात एक कृष्णविवर ८५ सूर्यांचं होतं. आता साधारण ६५ ते १२० सूर्यांच्या मधलं कृष्णविवर एकट्या ताऱ्याच्या मरणातून होऊच नये असं थिअरी म्हणते, कारण तेवढा तारा स्वतःला पूर्ण उडवून देतो, मागे काहीच ठेवत नाही. मग ८५ चं आलं कुठून? बहुधा दोन लहान आधी आदळून. आणि आदळून झालेल्याला पुन्हा जोडीदार मिळायचा तर आसपास गर्दी हवीच. दोन्ही मार्ग चालू आहेत असं मला वाटतं, भांडण फक्त टक्केवारीचं आहे.

औंढ्याचं महत्त्व दिशेसाठी. एका ठिकाणी सिग्नल मिळाला तर तो कुठून आला ते कळत नाही, लांब लांबच्या ठिकाणी किती आगेमागे पोचला त्यावरून कळतं. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा अमेरिकेतले दोन आणि इटलीतला एक मिळून आकाशाचा लहानसा तुकडा सांगू शकले, म्हणून काही तासांत दुर्बिणींना ती गॅलेक्सी सापडली, एनजीसी ४९९३, १३ कोटी प्रकाशवर्षांवरची. औंढा आल्यावर तो तुकडा आणखी आक्रसेल.

पुणे, एक आई : लेक बीएस्सी फिजिक्सला आहे, ॲस्ट्रॉनॉमीच करायचं म्हणते. दुर्बिणीला डोळा लावून पोट भरतं का?

दुर्बिणीला डोळा लावणारा ॲस्ट्रॉनॉमर आता शोधून सापडायचा नाही, सगळे कॉम्प्युटरला डोळे लावून बसतात. तेव्हा फिजिक्स, गणित आणि पायथन. एमएस्सी झाल्यावर पीएचडीसाठी आयुका आणि एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) पुण्यातच, शिवाय मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची आयआयए या संशोधन संस्था. पीएचडीला फेलोशिप मिळते, पोट भरतं. कायम नोकरी मिळायला मात्र वेळ लागतो, मधली काही वर्षं परदेशात पोस्टडॉक करत फिरावं लागतं, हे तिला आत्ताच माहीत असलेलं बरं. गायाचा डेटा फुकट आहे, तिला म्हणावं सुट्टीत एखादा गुच्छ उतरवून त्यातले खरे सदस्य तारे वेगळे काढून बघ. तीन आठवड्यांनंतरही तिला मजा येत असेल तर अडवू नका.

सोलापूर : कृत्तिका आणि रोहिणी हे पण गुच्छच ना? त्यांच्यात अशा जोड्या आहेत का?

कृत्तिका गुच्छ आहे, ४४० प्रकाशवर्षांवर, पण वय अवघं दहा कोटी वर्षं आणि तारे हजार-बाराशे. धक्काबुक्कीला ना माणसं ना वेळ. रोहिणी हा एकटा तारा, ६५ प्रकाशवर्षांवर, आणि त्याच्याभोवती दिसणारा व्ही आकाराचा गुच्छ त्याच्या बराच मागे, आपल्यापासून दीडशे प्रकाशवर्षांवर आहे. एकमेकांशी संबंध नाही. पत्रिकेबद्दल जे विचारलंय त्याचं उत्तर या सदरात मिळत नाही.

दापोली, आणि ऑकलंडहून एक मराठी कुटुंब : यातलं आम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी काय बघता येईल? दुर्बीण कोणती घ्यावी?

पल्सर आणि कृष्णविवरं डोळ्यांनी नाही, पण ती ज्या गुच्छांत राहतात ते आरामात. दापोलीवाल्यांना तर समुद्राच्या बाजूने काळोख मिळतो, त्याचा फायदा घ्या. मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला चित्रा तारा बरोबर दक्षिणेला येतो. तिथून सरळ खाली या, हात लांब करून धरलेल्या साडेतीन मुठी. क्षितिजापासून मोजलं तर अडीच मुठी वर. तिथे एक पुसट, कापसासारखा ठिपका दिसेल, तो ओमेगा सेंटॉरी. लोकांनी शेकडो वर्षं त्याला ताराच समजलं, नावही ताऱ्याचंच आहे, १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून हॅलीने बघितलं तेव्हा तो तारा नाही हे नोंदलं गेलं.

त्यानंतर थोडं थांबा म्हणजे वृश्चिक वर येईल. तांबूस ज्येष्ठा ताऱ्याच्या उजवीकडे, पश्चिमेला, बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावर एम ४ आहे, सहा हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे गोलाकार गुच्छांमध्ये आपल्या अगदी जवळचा. दुर्बिणीत तो धुरकट गोळा दिसेल. त्याच गोळ्यात एक पल्सर, एक श्वेत बटू आणि त्या दोघांभोवती फिरणारा एक ग्रह असं त्रिकूट आहे, ग्रह गुरूच्या अडीचपट वजनाचा. तो ग्रह मुळात दुसऱ्याच ताऱ्याचा होता आणि अदलाबदलीत पल्सरकडे आला असं समजतात. दिसणार नाही, पण तिकडे बघताना माहीत असावं.

ऑकलंडकरांनो, तुमची चैन आहे. तुमच्याकडे ४७ टुकानी हा गुच्छ कधी मावळतच नाही, छोट्या मॅजेलन मेघाच्या शेजारी बघा. त्यात कितीतरी पल्सर आहेत. आम्हाला पुण्यातून तो क्षितिजाच्या वर येतच नाही, कन्याकुमारीला गेलं तर जेमतेम एक मूठ वर दिसतो.

दुर्बिणीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी टेलिस्कोप घेऊ नका. ऑनलाइन जाहिरातीत '६७५ पट मोठं दिसेल' असं लिहिलेला तर मुळीच नको, तो कपाटावर जातो. १० बाय ५० ची साधी द्विनेत्री घ्या, आणि तिला ट्रायपॉडवर बसवायचा क्लॅम्प सोबत घ्या, कारण हातात धरली की दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि गुच्छ नाचायला लागतो.